फॉस्फोलिपिडांचा विद्युतभार : पेशीपटलापासून औषधाच्या कुपीपर्यंत

मे २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती आणि तिच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिस, म्हणजेच लोकांच्या तोंडी बसलेली ‘काळी बुरशी’, मुंबईच्या रुग्णालयांत येऊन ठेपली होती. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत औषधांसाठी उंबरठे झिजवणाऱ्या नातेवाइकांच्या हातातील चिठ्ठीवर ‘अ‍ॅम्फोटेरिसिन बी’ हे नाव असे आणि त्याच्या आधी एक विशेषण असे, ‘लायपोसोमल’. याच औषधाची साधी कुपी काही शे रुपयांत येई. लायपोसोमल कुपीसाठी काही हजार मोजावे लागत आणि पैसे हातात असूनही ती मिळत नसे. साठ किलो वजनाच्या रुग्णाला किलोमागे ५ मिलिग्रॅम या मात्रेने दिवसाला ३०० मिलिग्रॅम औषध लागते. कुपी ५० मिलिग्रॅमची. म्हणजे रोज सहा कुप्या आणि त्याही काही आठवडे. एवढ्या शोधाशोधीत, औषध तेच असताना ‘साधे’ का चालत नाही आणि ‘लायपोसोमल’च का हवे, हे विचारायला कुणाला उसंत नव्हती.

त्या महिन्याच्या २० तारखेला केंद्र सरकारने या आजाराची नोंद साथरोग कायद्याखाली बंधनकारक करावी असे राज्यांना कळवले. औषधाच्या निर्मितीसाठी आणखी पाच कंपन्यांना परवानगी मिळाली. त्यांतील गुफिक बायोसायन्सेस ही कंपनी अंधेरीची, एमक्युअर पुण्याची. आधीपासून हे औषध करणाऱ्यांत ज्या सन फार्माचे नाव होते, तिचे मुख्यालय गोरेगावला द्रुतगती महामार्गालगत आहे. परवाने मिळाले तरी कुप्या लगोलग बाजारात आल्या नाहीत. एक मोठी अडचण होती ती औषध ज्यात गुंडाळायचे त्या स्निग्ध पदार्थांची. सरकारी निवेदनांतून तेव्हा दोन अगम्य नावे वारंवार येत होती, ‘एचएसपीसी’ आणि ‘डीएसपीजी-एनए’. हे पदार्थ परदेशातील पुरवठादारांकडून मिळावेत म्हणून परराष्ट्र मंत्रालयाला प्रयत्न करावे लागले.

ही दोन्ही नावे फॉस्फोलिपिडांची आहेत. पहिल्या पदार्थाच्या रेणूवर एकूण विद्युतभार शून्य आहे, दुसऱ्याच्या रेणूवर एक ऋण भार आहे. दुसऱ्या नावाच्या शेपटाला लागलेले ‘एनए’ हे सोडियमचे चिन्ह. रेणू ऋणभारित असल्यामुळे त्याला जोडीदार म्हणून धनभारित सोडियम घ्यावा लागतो, म्हणून ते तेथे आहे. ऋणभाराच्या या रेणूवाचून साध्या कुपीची लायपोसोमल कुपी होत नाही. ते का, हे समजण्यासाठी आधी पेशीच्या पटलाकडे वळावे लागेल.

डोके आणि दोन शेपट्या

फॉस्फोलिपिड आपल्याला परके नाही. बिस्किटाच्या किंवा चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘पायसीकारक ३२२’ असे लिहिलेले असते, ते लेसिथिन. सोयाबीनचे तेल शुद्ध करताना ते बाजूला निघते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोब्ले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ते अंड्याच्या पिवळ्या बलकातून वेगळे केले आणि बलकाच्या ग्रीक नावावरूनच त्याचे बारसे झाले. तेल आणि पाणी यांचे जमत नाही. लेसिथिन दोघांनाही धरून ठेवते, कारण त्याच्या रेणूत दोन्ही स्वभाव आहेत. ग्लिसेरॉलच्या कण्याला मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या, आणि दुसऱ्या टोकाला फॉस्फेट असलेले डोके. शेपट्या पाण्याला टाळतात, डोके पाण्यात रमते. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपसूक दोन थरांत उभे राहतात, शेपट्या आत आणि डोकी दोन्ही बाजूंना बाहेर. पेशीचे पटल असे दुहेरी थराचे असते, हे गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये मांडले. या पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मीटरचा वीस कोटीवा भाग.

विद्युतभाराचा सारा खेळ डोक्यात आहे. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो. फॉस्फेट गट इतका आम्लधर्मी आहे की या सामूला तो आपला प्रोटॉन सोडून देतो आणि त्याच्यावर ऋण भार राहतो. हे सर्व फॉस्फोलिपिडांना लागू आहे. फरक पडतो तो फॉस्फेटला पुढे काय जोडले आहे यावरून. कोलीन जोडलेले असेल तर त्याचा कायमचा धन भार फॉस्फेटचा ऋण भार फेडून टाकतो, बेरीज शून्य. हे फॉस्फॅटिडिलकोलीन, आपले लेसिथिन. इथॅनॉलअमाइन जोडले तरी रक्ताच्या सामूला हिशेब तोच. सेरीन जोडले तर मात्र एक अमाइनचा धन भार आणि एक कार्बोक्सिलचा ऋण भार सोबत येतो आणि शिल्लक राहतो एक ऋण भार. ग्लिसेरॉल किंवा इनॉसिटॉल जोडले तर फेडायला धन भार नाहीच, म्हणून तेथेही एक ऋण भार उरतो. इनॉसिटॉलला आणखी दोन फॉस्फेटे चिकटली की भार तीन-चार किंवा त्याहूनही वर जातो. कार्डिओलिपिन नावाच्या चार शेपट्यांच्या जोडरेणूत दोन फॉस्फेटे असतात. तो प्रामुख्याने पेशीतील ऊर्जाकेंद्रांत, मायटोकाँड्रियात, आढळतो.

शून्य बेरजेच्या रेणूला ‘उदासीन’ म्हणतात, पण हा शब्द थोडा फसवा आहे. त्याच्या डोक्यात धन आणि ऋण दोन्ही टोके शाबूत असतात, पाणी त्यांच्याभोवती गोळा होते. निव्वळ ऋणभारित रेणूंची गोष्ट निराळी. त्यांच्या पृष्ठाजवळ द्रवातील धन आयन खेचले जातात आणि ऋण आयन दूर लोटले जातात. भारित पृष्ठाजवळच्या या आयनांच्या ढगाचे गणित गूइ यांनी १९१० मध्ये व चॅपमन यांनी १९१३ मध्ये मांडले. शरीरातील द्रवात मिठाचे प्रमाण एवढे असते की या ढगामुळे पृष्ठाच्या भाराचा प्रभाव एका नॅनोमीटरभर अंतरातच मावळू लागतो. म्हणजे हा भार दुरून हाक मारणारा नाही. जो अगदी अंगाला भिडेल त्यालाच तो जाणवतो. मीठ वाढवले की त्याचा पल्ला आणखी घटतो. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे इंजेक्शनच्या कुपीपाशी तो पुन्हा येणार आहे.

येथे दोन गल्लती टाळायला हव्यात. शाळेत शिकवले जाते की चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास विभव असते. हा विभव फॉस्फोलिपिडांच्या भारामुळे नाही. सोडियम-पोटॅशियमचे पंप आणि आयनांच्या वाटा त्याला कारण आहेत. पटल तेथे निरोधकाचे काम करते, आणि ते काय ताकदीने करते ते पाहण्याजोगे आहे. ७० मिलिव्होल्ट हा आकडा क्षुल्लक. पण तो चार नॅनोमीटरच्या स्निग्ध थरावर पडतो, म्हणजे मीटरमागे सुमारे पावणेदोन कोटी व्होल्ट. उपनगरी लोकलच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. कोरड्या हवेत मीटरमागे साधारण ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. पेशीचे पटल त्याच्या पाच-सहा पट क्षेत्र आयुष्यभर सहन करते.

दुसरी गल्लत पेशीच्या बाहेरच्या अंगाविषयी. तांबड्या पेशी बाहेरून ऋणभारित असतात आणि एकमेकींपासून दूर राहतात. ‘ईएसआर’ची तपासणी होते तेव्हा नळीत पेशी किती वेगाने खाली बसतात, ते याच दुराव्यावर बरेचसे अवलंबून असते. पण हा ऋण भार मुख्यतः पटलावरील साखरेच्या साखळ्यांच्या टोकाशी असलेल्या सायलिक आम्लाचा. फॉस्फोलिपिडांचा ऋण भार पेशी बाहेर दिसूच देत नाही.

आत काय, बाहेर काय

पेशीपटलाचे दोन थर सारखे नसतात, हे मार्क ब्रेट्शर यांनी १९७२ मध्ये तांबड्या पेशींवरील कामातून दाखवले. बाहेरच्या थरात बहुतांश फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन, दोन्ही शून्य बेरजेची. ऋणभारित फॉस्फॅटिडिलसेरीन जवळजवळ सगळे आतल्या थरात. पटलातील एकूण फॉस्फोलिपिडांत त्याचा वाटा दहाव्या हिश्शाच्या जवळपास असतो, पण तो सारा एका बाजूला असल्यामुळे आतली भिंत चांगलीच ऋणभारित होते. धनभारित शेपूट असलेली कितीतरी प्रथिने याच ओढीने आतल्या भिंतीला येऊन चिकटतात आणि पेशीचे निरोप पुढे जातात.

ही मांडणी आपोआप टिकत नाही. एखादा रेणू बाहेर निसटला तर त्याला पुन्हा आत ओढणारी प्रथिने पटलात असतात. त्यांना फ्लिपेज म्हणतात आणि प्रत्येक खेपेस ती पेशीचे ऊर्जाचलन, एटीपी, खर्च करतात. घरात एखादी गोष्ट चारचौघांत दिसू नये म्हणून जी धडपड चालते तसाच हा प्रकार. जिवंत पेशी आपला ऋण भार झाकण्यासाठी दिवसरात्र मजुरी मोजते.

तो उघडा पडला तर काय होते, हे दोन प्रसंगी दिसते. पेशी मरणपंथाला लागली की फ्लिपेज थांबते, स्क्रॅम्ब्लेज नावाची प्रथिने आतबाहेर सरमिसळ करतात आणि फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते. भक्षक पेशी ती खूण ओळखून तिला गिळून टाकतात. दुसरा प्रसंग जखमेचा. कापल्याजागी प्लेटलेट सक्रिय झाल्या की त्याही आपला ऋणभारित थर बाहेर वळवतात. रक्त गोठवणारी काही प्रथिने स्वतःही ऋणभारित असतात. ऋणाला ऋण चिकटणार कसे? मध्ये येतो कॅल्शियम, दोन धन भारांचा आयन. एका हाताने प्रथिन, दुसऱ्या हाताने पटल धरून तो पूल बांधतो. प्रथिनांवरील ती ऋणभारित पकड तयार करायला ‘के’ जीवनसत्त्व लागते. नवजात बाळाला जन्मतःच ‘के’चे इंजेक्शन देतात ते यासाठी. वॉर्फेरिनसारखी गोळी गुठळी टाळते तीही याच ठिकाणी आड येऊन. प्लेटलेटना हा थर उलटवता येत नाही असा एक दुर्मीळ जन्मजात दोष आहे, स्कॉट सिंड्रोम. अशा रुग्णाच्या प्लेटलेटची संख्या पुरेशी असते आणि तरी रक्त नीट गोठत नाही.

रक्ताला ऋणभारित पृष्ठ दिसले की ते गोठू लागते, हे काचेलाही लागू आहे. काचेचे पृष्ठ ऋणभारित असते. घोणस किंवा फुरसे चावलेल्या रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून ते गोठले का पाहायचे, ही खेड्यापाड्यातील दवाखान्यांत आजही भरवशाची चाचणी आहे. येथे प्लास्टिकची नळी चालत नाही, आणि साबणाने धुतलेली काचही दगा देते.

ऋणभारित फॉस्फोलिपिडांशी आपला आणखी एक नकळत संबंध येतो. गरोदरपणात नाव नोंदवले की तपासण्यांच्या यादीत ‘व्हीडीआरएल’ असते. उपदंशासाठीच्या या चाचणीत रुग्णाच्या रक्तद्रवाची गाठ ज्या मिश्रणाशी घालतात त्यात कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल असते. कार्डिओलिपिन हे नावही ते बैलाच्या हृदयातून मिळाले म्हणून पडले. मेरी पँगबॉर्न यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ते वेगळे केले. काही स्त्रियांत उपदंश नसतानाच ही चाचणी होकारार्थी येते. त्यांच्या शरीरात ऋणभारित फॉस्फोलिपिडांशी आणि त्यांना बिलगणाऱ्या एका रक्तप्रथिनाशी भांडणारी प्रतिपिंडे असू शकतात. वारंवार गर्भपात आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या ही त्या विकाराची लक्षणे. चाचणीचा कागद हातात पडताच घरात जो गहजब होतो, तो होण्यापूर्वी दुसऱ्या, नेमक्या चाचणीची वाट पाहावी, एवढे तरी यावरून घरच्यांना सांगता येईल.

जिवाणूंची उघडी बाजू

माणसाच्या पेशी आपला ऋण भार आत दडवतात. जिवाणूंना ते जमलेले नाही. त्यांच्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल आणि कार्डिओलिपिन भरपूर, आणि ते बाहेरच्या बाजूलाही. आपल्या शरीराने या उघड्या बाजूचा फायदा घेतला आहे. त्वचेत, आतड्यात, पांढऱ्या पेशींत लहान लहान धनभारित प्रथिने तयार असतात. ती जिवाणूच्या पटलाला चिकटून त्याला भोके पाडतात आणि आपल्या पेशींना सहसा हात लावत नाहीत.

अतिदक्षता विभागांत शेवटचा उपाय म्हणून वापरले जाणारे कोलिस्टिन याच जातीचे, धनभारित. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातील मेदांवरच्या फॉस्फेटांना ते पकडते. (ग्रॅम-ऋण या नावाचा मात्र विद्युतभाराशी संबंध नाही, ती रंगवण्याची पद्धत आहे.) चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘एमसीआर-१’ हे जनुक नोंदवले. ते मिळालेला जिवाणू आपल्या त्या फॉस्फेटावर इथॅनॉलअमाइनचा गट बसवतो, ऋण भार घटतो आणि कोलिस्टिनची पकड सुटते. हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. कोंबड्या व इतर खाद्य-प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली त्यामागे हीच धास्ती होती.

बुरशीची गोष्ट अवघड आहे. ती जिवाणूपेक्षा आपल्या जवळची नातेवाईक. तिच्या पटलावर भार हा एकच फरक धरून नेम साधता येत नाही. फरक आहे तो स्टेरॉलचा. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल.

दोन स्वभावांचे औषध

अ‍ॅम्फोटेरिसिन बी हा रेणू १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका स्ट्रेप्टोमायसेस सूक्ष्मजीवाने दिला. त्याच्या नावातच विद्युतभार आहे. रसायनशास्त्रात जो पदार्थ आम्लासारखाही वागतो आणि अल्कलीसारखाही, त्याला ‘अँफोटेरिक’, आपल्याकडे उभयधर्मी, म्हणतात. या रेणूवर एक कार्बोक्सिल गट आहे आणि साखरेच्या एका तुकड्यावर अमाइन गट. रक्ताच्या सामूला पहिला ऋण, दुसरा धन. पाण्यात तो जवळपास विरघळत नाही. म्हणून पहिल्या काळात त्याला पित्तातील डीऑक्सिकोलेट या क्षारासोबत मिसळून शिरेतून देऊ लागले. हीच ती ‘साधी’ कुपी.

तिच्यातले औषध रक्तात गेले की लवकर सुटे होते. एर्गोस्टेरॉलची ओढ त्याला अधिक, पण कोलेस्टेरॉलशीही त्याचे पुरते वैर नाही, आणि मूत्रपिंडाच्या पेशींना त्याची किंमत मोजावी लागते. थंडी वाजून ताप, पोटॅशियम घसरणे, क्रिएटिनिन चढणे हे सारे डॉक्टरांच्या ओळखीचे. म्युकरमायकोसिसचे बहुसंख्य रुग्ण मधुमेही, आधीच स्टेरॉइड घेतलेले. अशा मूत्रपिंडांवर हा भार टाकणे म्हणजे एक संकट टाळताना दुसरे ओढवून घेणे होते. तुटवड्याच्या दिवसांत अनेक ठिकाणी नाइलाजाने साधे औषधही वापरले गेले, रोज रक्त तपासत. म्युकरमायकोसिसवरच्या २०१९ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मात्र लायपोसोमल औषधालाच, किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम या मात्रेत, पहिली पसंती दिली होती.

लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिडांचे सूक्ष्म बुडबुडे. इंग्लंडमधील बेब्रॅम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात ते प्रथम नीट पाहिले आणि अभ्यासले. बँगहॅम मूळचे रक्ताचे अभ्यासक. रक्त गोठताना मेदांवरील भार काय करतो हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता, आणि त्या वाटेवर हे बुडबुडे त्यांना भेटले.

१९९० च्या दशकात बाजारात आलेल्या प्रमाण लायपोसोमल औषधाची कृती आज छापील आहे. एचएसपीसी हे सोयाबीनपासूनचे, हायड्रोजन भरून घट्ट केलेले फॉस्फॅटिडिलकोलीन, दोन भाग. कोलेस्टेरॉल एक भाग. डीएसपीजी ०.८ भाग. आणि औषध ०.४ भाग. हे भाग वजनाचे नाहीत, रेणूंच्या संख्येचे आहेत. म्हणजे औषधाच्या प्रत्येक रेणूमागे ऋणभारित डीएसपीजीचे दोन रेणू. औषधाच्या अमाइनवरील धन भार डीएसपीजीच्या ऋण फॉस्फेटशी जोडी जमवतो. कोलेस्टेरॉल बाजूने आधार देते. हायड्रोजन भरलेल्या सरळ शेपट्या शरीराच्या तापमानालाही पातळ होत नाहीत. अशा तिहेरी पकडीत औषध रक्तातून फिरताना सुटे होत नाही, मूत्रपिंडाला ते फारसे भेटत नाही. १०० नॅनोमीटरहून लहान असलेला तो बुडबुडा बुरशीच्या भिंतीशी पोचला की एर्गोस्टेरॉलची ओढ त्या पकडीवर मात करते. औषध हस्तांतरित होते.

डीएसपीजी नसते तर? बुडबुडे झाले असते, पण औषधाला धरणारा एक दुवा गेला असता. शिवाय एकसारखा ऋण भार असलेले बुडबुडे परस्परांना दूर ठेवतात, गुठळ्या होऊ देत नाहीत. या दोन कामांसाठी एक आयात पदार्थ अडून राहिला आणि त्याची झळ उपनगरांतल्या घरांना लागली.

दुसरी वाट नव्हती असे नाही आणि ती मुंबईतच शोधली गेली होती, हे त्या गदारोळात फार थोड्यांना आठवले. परळच्या केईएम रुग्णालयात व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील प्रा. बिमल कुमार बच्छावत यांच्या साथीने भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित केले. पुढे ते ‘फंगिसोम’ या नावाने बाजारात आले. त्यात ऋणभारित फॉस्फोलिपिड नाही. फॉस्फॅटिडिलकोलीन आणि कोलेस्टेरॉल यांवरच भिस्त. ते मिठाच्या पाण्यात तयार मिळते, मात्र देण्यापूर्वी कुपी स्वनातीत लहरींच्या पात्रात पाऊण तास ठेवून कण बारीक करून घ्यावे लागतात. त्याच मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने अ‍ॅम्फोटेरिसिनचे इमल्शन काढले, सुमारे १,२०० रुपयांना, म्हणून त्याची बातमी गाजली. इमल्शन हा तिसरा प्रकार. त्यात दुहेरी थराचा बुडबुडा नसतो, तेलाचे थेंब असतात. ‘लायपोसोमल’ आणि ‘इमल्शन’ एकच, असे त्या दिवसांत सरसकट लिहिले गेले, वृत्तपत्रांनीही लिहिले.

सलाईन आणि मीठ

या औषधाच्या सूचनापत्रात एक ओळ ठळक असते. मराठी घरांत शिरेतून दिल्या जाणाऱ्या कोणत्याही बाटलीला ‘सलाईन’च म्हणतात, ग्लुकोजच्या बाटलीलाही. पण डीएसपीजी असलेल्या लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनला खरे सलाईन, म्हणजे मिठाचे पाणी, वर्ज्य आहे. कुपीतली भुकटी निर्जंतुक पाण्यानेच कालवायची, जोराने हलवायची आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करायची. रुग्णाला आधी त्याच नळीतून मिठाचे पाणी चालू असेल तर नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची. मिठातील सोडियम आयन बुडबुड्यांवरील भाराभोवती गर्दी करतात, परस्परांना दूर ठेवणारी ती अदृश्य भिंत आखडते आणि औषध खाली बसू शकते. फंगिसोमला मीठ चालते. दोन्ही कुप्यांवर नाव एक, पण नियम उलटे. कक्षातल्या परिचारिकेला ‘सलाईनमधून द्या’ एवढेच सांगून भागत नाही, याचे कारण पटलाच्या रसायनात आहे.

ऋणभारित मेदांनी औषध धरले. धनभारित मेदांचा उपयोग दुसरीकडे झाला. एमआरएनएचा धागा स्वतः ऋणभारित असतो आणि पेशीपटल त्याला सहज आत घेत नाही. धनभारित मेद त्याला गुंडाळू शकतात, पण असे मेद रक्तात कायम धनभारित राहिले तर विषारी ठरतात. म्हणून सामू पाहून भार बदलणारे मेद तयार झाले. ते रक्तात जवळपास भाररहित असतात, आणि पेशीने गिळल्यावर आतल्या आम्लधर्मी कप्प्यात धनभारित होऊन तेथील ऋणभारित फॉस्फोलिपिडांना भिडतात, कप्पा फोडून धागा बाहेर काढतात. फायझर आणि मॉडर्ना यांच्या करोना लशी अशा मेदांवर उभ्या राहिल्या. पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लशीला भारतात जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकते, हे तिचे वैशिष्ट्य सांगितले गेले. फुफ्फुसातील वायुकोश मिटू न देणाऱ्या स्निग्ध द्रवातही ऋणभारित फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल असते आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना तो द्रव बाहेरून द्यावा लागतो. पवईच्या आयआयटीत डॉ. रिंती बॅनर्जी यांनी या विषयावर बरेच काम केले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अ‍ॅम्फोटेरिसिनची कहाणी अजून पुढे सरकते आहे. हे औषध बुरशीच्या पटलाला भोके पाडून मारते असे पाठ्यपुस्तके सांगत आली. अमेरिकेतील मार्टिन बर्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की औषधाचे रेणू पटलाबाहेर एकत्र जमतात आणि स्पंजासारखे एर्गोस्टेरॉल शोषून घेतात. भोके हा दुय्यम भाग. त्या समजेवरून त्यांच्या गटाने २०२३ मध्ये याच रेणूचे एक नवे रूप जाहीर केले. त्यात बदल केला तो रेणूच्या साखरेवर आणि कार्बोक्सिल गटावर. नवे रूप एर्गोस्टेरॉल झपाट्याने ओढते आणि कोलेस्टेरॉलला जवळपास हात लावत नाही. उंदरांत आणि माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर ते निरुपद्रवी ठरले. माणसांत ते तितकेच सुरक्षित सिद्ध झाले, तर औषधाला गुंडाळून ठेवण्याची गरज कमी होईल आणि डीएसपीजीच्या पिंपासाठी परदेशी कारखान्याकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. तोवर मूत्रपिंड सांभाळून बुरशीशी लढायचे तर भरवसा लायपोसोमल कुपीचाच आहे.